साइडपट्टी, ब्रेक आणि बाभळीचा काटा

मागच्या अंकात सायकलवर चार ओळी लिहिल्या आणि संपादकांनी परवा पत्रांची एक पिशवीच घरी पाठवून दिली. त्यातली निम्मी पत्रं एकाच प्रश्नाची होती: "काकू, कुठल्या कंपनीची घेऊ?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमची उंची मला माहीत नाही, रस्ता माहीत नाही, आणि दुकान माझं नाही. उरलेल्यांतली आठ पत्रं इथे घेतली आहेत, काटछाट करून.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख: कोथरूडहून पेठेतल्या शाळेत एकोणतीस वर्षं सायकलने गेले. पदार्थविज्ञान शिकवत होते. दोनदा आपली आपण पडले, एकदा पाडली गेले. निवृत्तीनंतर कॅरियरला पिशव्या लावून भटकते. मेकॅनिक नाही, पण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढता येतो.

नोकरीसाठी रोज हडपसरहून अकरा किलोमीटर जातो. हेल्मेट, भडक पिवळं जाकीट, हँडलला आरसा, सगळं घेतलं. साडेचार हजार गेले. मी शक्य तितका डावीकडे, अगदी कडेने चालवतो. तरी गाड्या कोपराला घासून जातात. घरी आई काळजी करते. आणखी काय घेऊ?
— वय ३४, हडपसर

काही घेऊ नका. साइडपट्टी सोडा.

उद्या सकाळी सायकल हातात धरून तुमच्याच रस्त्याच्या कडेने शंभर पावलं चाला आणि खाली बघा. डांबर जिथे संपतं तिथे दोन-तीन इंचांची पायरी असते. तिच्यावर पुढचं चाक तिरकं चढवायला गेलात की चाक चढत नाही, पायरीला घासत राहतं आणि तुम्ही उजवीकडे आडवे होता, म्हणजे गाड्यांच्या बाजूला. शिवाय खडी, फुटक्या बाटल्या, गटाराच्या जाळ्या. काही जाळ्यांचे गज तर रस्त्याला समांतर असतात, चाक बरोबर अडकावं म्हणूनच बसवल्यासारखे! हे सगळं चुकवायला तुम्ही दर दहा मीटरला नागमोडी जाता. मागच्या माणसाला ते ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. तुम्ही कडेला चिकटलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, जागा आहे, जाईल आपली. त्याला स्टिअरिंग हलवावंच लागत नाही. तुम्ही थोडे आत आलात की मात्र त्याला ठरवावं लागतं, थांबायचं की वळसा घालून पुढे जायचं. त्याने ठरवावं एवढंच आपल्याला हवं आहे. थोडं आत म्हणजे किती? डावा हात आडवा पसरलात तर बोटं डांबराच्या कडेवर यावीत, एवढं. हॉर्न वाजतील. वाजू द्या. हॉर्न वाजला याचा अर्थ त्याने तुम्हाला पाहिलं.

उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना तर एवढं अंतर हवंच हवं. १९९७ सालची गोष्ट. कर्वे रस्त्यावर एका पांढऱ्या मोटारीचं दार माझ्यासमोर उघडलं. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली, हँडल डावीकडे फिरलं आणि मी उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध. मागच्या रिक्षावाल्याने ब्रेक दाबला म्हणून हे सदर चालू आहे. खांद्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. दार उघडणारे गृहस्थ हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभेच राहिले; त्यांना मुलगी झाली होती. दवाखान्यात येऊन त्यांनी मला पेढा दिला आणि मी खाल्लाही.

तेव्हापासून उभ्या मोटारीच्या मागच्या काचेतून आत बघायची सवय लागली. ड्रायव्हरच्या जागी डोकं दिसतंय का? पुढचं चाक बाहेर वळलंय का? ब्रेकचा लाल दिवा आत्ताच विझला का? डोकं दिसलं तर दार उघडणार असं धरूनच चालायचं.

सिग्नलला उभी असलेली बस आणि फुटपाथ यांच्यामधली ती अरुंद फट मोहात पाडते. तिच्यात शिरू नका. बस डावीकडे वळली की तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापतं, आणि ती फट मिटते. ड्रायव्हरचा यात दोष असतोच असं नाही. दहावीच्या वर्गात परावर्तन शिकवताना मी हेच उदाहरण द्यायचे: बसच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्याला त्या आरशात तुम्ही दिसत नाही. प्रकाश दोन्ही दिशांनी एकाच वाटेने जातो. बसच्या मागे उभे राहा. धूर खाल, पण घरी जाल.

आरसा घेतलात, हरकत नाही. पण उजवीकडे सरकण्याआधी मान वळवून मागे बघायची जागा आरसा घेत नाही. मान वळली की मागच्याला कळतं, हा आता काहीतरी करणार. हात दाखवण्याआधीच ती खूण त्याच्यापर्यंत पोचते. अडचण एकच, मान वळते तिकडे हँडलही वळतं. रविवारी मैदानावर चुन्याची रेघ मारा, तिच्यावरून चालवा, आणि मागे उभ्या माणसाने किती बोटं दाखवली ते वळून बघून सांगा. रेघ न सोडता सांगता आलं की झालं. माझ्या भाच्याला चार रविवार लागले.

खड्डा चुकवायचा तर दहा-पंधरा मीटर आधीपासून, हळूहळू. उशिरा दिसला तर चुकवूच नका: सीटवरून उठा, कोपरं सैल सोडा, त्याच्यावरून सरळ जा. रिम वाकली तर वाकली. ताशी पंचवीसच्या वेगात तुम्ही एका सेकंदात सात मीटर जाता, आणि ब्रेककडे बोट जायलाच सेकंद लागतो. तेवढ्यात हिसका मारून जिकडे जाल तिकडे काय आहे, हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

आईला पोचल्यावर फोन करा. वाटेत कानात काही घालू नका.

मावशी, आजोबांची जुनी सायकल नीट करतोय. २६ चा टायर आणला, पण रिमवर बसतच नाही. दुकानदार म्हणाला स्क्रूड्रायव्हरने ओढून बसव. ओढला तर कडेची तार दिसायला लागली. टायर खराब होता का?
— अकरावी, कराड

टायर चांगला होता रे. माप चुकलं.

"२६ इंच" हे नुसतं नाव आहे, टोपणनावासारखं. एकाच नावाची वेगवेगळी मापं बाजारात आहेत. आजोबांच्या सायकलच्या टायरवर बहुधा २६ × १ ३/८ लिहिलेलं असेल. तू आणलास तो २६ × १.९५ किंवा तसा काहीतरी, डोंगरी सायकलींचा. ओल्या फडक्याने जुन्या टायरची बाजू पूस आणि उजेडात तिरकी धर. इंचांच्या शेजारीच बारीक अक्षरात आणखी एक जोडी दिसेल, ३७-५९० अशी. नव्या टायरवर दुसरा आकडा ५५९ असेल. हा दुसरा आकडा खरा. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तुझी रिम ५९०, टायर ५५९. एकतीस मिलिमीटर लहान बांगडी कोण हातात चढवणार? कडेची तार ताणत नाही, ताणू नये म्हणूनच घातलेली असते. तार उघडी पडलेला टायर आता कुणाच्याच चाकाला लावू नकोस. हवा भरताना निसटला तर फटाक्यासारखा फुटतो.

"२८" चीही हीच गत. दूधवाल्यांच्या मोठ्या काळ्या सायकलींचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५, आणि शहरी हायब्रिडचा ७००सी म्हणजे ६२२. त्यावरही कधी कधी २८ छापतात. दुकानात जाताना तो दुसरा आकडा तळहातावर लिहून ने. ट्यूबचं मात्र एवढं नसतं, ती रबराची, थोडं मागेपुढे चालवून घेते.

आणि सायकल जोडून झाली की पहिली चक्कर आजोबांना मारायला दे.

बँकेत नोकरी, घर ते शाखा सहा किलोमीटर. पंजाबी ड्रेस आणि ओढणी असते. दोन भीती: ओढणी अडकण्याची, आणि सीटची. अर्ध्या तासात बसवेनासं होतं. जेलचं कव्हर घातलं तरी फरक नाही.
— नाशिक

ओढणी पिशवीत. शाखेत पोचल्यावर घ्या. गाठ मारून, कमरेला खोचून, खांद्याला पिन लावून, हे सगळं मी करून पाहिलेलं आहे. गाठ सुटते आणि ती नेमकी उतारावर सुटते. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या साडीचा काठ चेन आणि चेनव्हीलच्या मध्ये गेला होता. काठ जरीचा, सुटेना, फाटेना. बाई भर चौकात सायकलला बांधल्या गेल्या, आणि पानवाल्याने कात्रीने दीड वार पैठणी कापली तेव्हा मोकळ्या झाल्या. (त्या तुकड्याची त्यांनी नंतर चंची शिवली.) सलवारला घोट्याशी रबरी पट्टा लावा, चमकणारा मिळाला तर तोच घ्या. सायकल नवी घेणार असाल तर चेनला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असलेली घ्या. तरुण विक्रेते तिला "जुन्या पद्धतीची" म्हणतात. म्हणू दे.

आता सीट. जेलचं कव्हर काढून टाका. बसल्यावर आपलं वजन ढुंगणाच्या दोन हाडांवर यायला हवं. फार मऊ सीटमध्ये ती हाडं रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन नको तिथे दाब देतो. पाळण्याच्या गादीवर बसून पाट्यावर वाटण वाटून बघा, तसं. बायकांची ती हाडं सहसा एकमेकांपासून जरा लांब असतात, म्हणून मागे रुंद, पुढे आखूड, पण कडक सीट घ्या. सीटचं नाक जमिनीला समांतर. दुखत असेल तर केसभर खाली, जास्त नको, नाहीतर घसरून सगळं वजन मनगटांवर येतं. उंची अशी बघा: भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवलंत की गुडघा जरासा वाकेल, तो बरोबर. बहुतेकींची सीट फार खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकायला हवे असतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं, बसून राहायचं नसतं. ही एक सवय लागली की सीट दोन इंच वर जाते आणि गुडघे दुखायचे थांबतात.

एवढं करूनही महिन्याने दुखत असेल तर पुन्हा लिहा.

एका आठवड्यात मागच्या चाकाला तीन पंक्चर. दर वेळी नवी ट्यूब. पंक्चरवाला म्हणतो ट्यूबच हलकी. खरं का?
— बार्शी

बार्शी हा पत्ता वाचूनच उत्तर कळलं. काटा अजून टायरमध्येच आहे.

बाभळीचा काटा, विशेषतः वेड्या बाभळीचा, टायरमध्ये शिरतो आणि बाहेरचं टोक मोडून जातं. बाहेरून काही दिसत नाही. आतून अर्धा मिलिमीटर टोक डोकावत असतं. चाक मोकळं असताना ते बोटालाही लागत नाही, पण हवा भरून वर वजन आलं की बरोबर ट्यूब टोचतं. तुमची ट्यूब हलकी नाही, काटा चिवट आहे. आतून बोट फिरवू नका. काच असली तर बोट कापेल, काटा असला तर कळणार नाही. कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे टायर बाहेरच्या बाजूने फुगवून वाकवा, म्हणजे तोंड उघडतं, आणि चिमट्याने नाहीतर नेलकटरने उपटा.

कुठे शोधायचं हे कळावं म्हणून एक युक्ती. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणा. पुढच्या पंक्चरला ट्यूब पाण्यात धरली की बुडबुडे व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहेत ते मोजायचं, आणि टायरवर नावापासून तेवढ्याच वितींवर काटा शोधायचा. ट्यूब उलटी धरली असेल तर दुसऱ्या बाजूला. दोनच जागा बघायच्या राहतात.

शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर तो काटा नव्हे. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. बारीक, पितळी, वरून फिरवून उघडायचा व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर आत्ताच विकत घ्या आणि पंपाला किंवा चावीच्या जुडग्याला अडकवून ठेवा. शेंगदाण्याएवढी वस्तू आहे. तिच्याविना गावातला कुठलाही पंक्चरवाला तुमच्या चाकात हवा भरू शकत नाही.

रात्री साडेनऊला कामावरून परत येतो. हजार ल्युमेनचा दिवा घेतला. समोरून येणारे शिव्या देतात. मागचा लुकलुकता ठेवायचा की स्थिर?
— ठाणे

शिव्या देणाऱ्यांचं बरोबर आहे. डोळे दिपलेला माणूस तुमच्या अंगावर येणार, आणि तो उजेड तुम्हीच पुरवलेला असणार. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. भिंतीवरचा सगळ्यात झगझगीत ठिपका दिव्याच्या उंचीपेक्षा चांगला वीतभर खाली पडला पाहिजे. रस्त्यावर दिवे असतील तर दोनतीनशे ल्युमेन भरपूर झाले. हजार ठेवा अंधाऱ्या घाटासाठी. पुढचा लुकलुकता नकोच.

मागे मी दोन दिवे लावते. एक स्थिर, कारण नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे याचा अंदाज मागच्याला येत नाही. दुसरा लुकलुकता, कारण नजर पटकन त्याच्याकडे जाते. एकाची बॅटरी संपली तर दुसरा असतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करायच्या त्या ब्रेव्हे राइड्स असतात ना, तिथे दिवे आणि चमकणारं जाकीट नसेल तर अंधारात चालवूच देत नाहीत. मला त्या राइड्स झेपत नाहीत, पण तो नियम आवडतो. पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर "शोभेचे" म्हणून काढू नका. वरखाली हलणारे दोन पिवळे ठिपके म्हणजे सायकल, हे डोक्याला विचार न करता कळतं.

रोज निघताना एकदा सायकलच्या मागे जाऊन बघा. खेड शिवापूरहून परत येताना मागून येणारे आमचे हे अर्धा तास काहीतरी ओरडत होते. मला वाटलं कौतुक चाललंय. रेनकोटचा घोळ मागच्या दिव्यावर पडला होता.

आम्ही दोघं, वय ६१ आणि ५८, पुणे. डिसेंबरमध्ये किनाऱ्याने अलिबाग ते रत्नागिरी करायचं आहे. चार वर्षांच्या हायब्रिड सायकली आहेत. एकाची व्ही-ब्रेक, एकाची डिस्क. प्रत्येकी अठरा किलोची सॅक होते आहे. मुलं म्हणतात, या वयात? तुम्ही काय म्हणाल?

मी म्हणेन, सॅक घरी ठेवा. पाठीवरच्या वजनाने तोल वर जातो, पाठ भिजते, आणि तिसऱ्या दिवशी मान वळेनाशी होते. ती मान मागे बघायला हवी आहे. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावा, आणि अठराचे नऊ करा. रद्दीवाल्याचा हुकाचा काटा मागून आणा आणि पिशवी त्याला टांगा. आम्ही पहिल्या खेपेला चौदा भरलं होतं. त्यात दोन टॉवेल होते, इस्त्रीचे सदरे होते, आणि ह्यांची लोणच्याची बरणी. आता दोन जोड कपडे, एक पंचा, एक स्वेटर, औषधं आणि हत्यारं. बरणी अजून असते, प्लॅस्टिकची.

मार्ग सुंदर आहे आणि त्याचं खरं सुख खाड्यांत आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने उतरा. अलिबाग, रेवदंडा, मुरुड. आगरदांड्याहून दिघीला फेरी बोट. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडला ते वेशवी दुसरी फेरी. केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळ ते धोपावे तिसरी. गुहागरनंतर तवसाळ ते जयगड चौथी, आणि मग गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. तीनशे किलोमीटरच्या वर होतं. सहा दिवस धरा. प्रत्येक फेरी म्हणजे सक्तीची विश्रांती. माणसं बोलतात, कुणीतरी कोकम सरबत देतं. जेट्टीच्या उतारावर मात्र सायकलवरून उतरा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शेवाळ असतं, त्यावर ब्रेक हा शब्दच नाही.

नकाशात सपाट किनारा दिसतो, पण रस्ता तसा नाही. खाडीशी उतरायचं, पलीकडे पुन्हा सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढायचा. चढासाठी दात्यांचं गणित करा: पुढचं सगळ्यात लहान चेनव्हील किती दात्यांचं, मागच्या फ्रीव्हीलचं सगळ्यात मोठं किती. पुढचे दाते मागच्यापेक्षा कमी हवेत. पुढे २८ आणि मागे ३२ किंवा ३४ असेल तर साठीतले गुडघे चढतील. पुढे ३८, मागे २८ असेल तर अर्धी कोकणयात्रा पायी होईल. मागचं फ्रीव्हील बदलता येतं, खर्च फार नाही. दुकानदाराला विचारा की तुमच्या गियरच्या यंत्रणेला केवढं पेलतं. ढकलत नेण्यात लाज नाही. आम्ही ढकलतो आणि करवंदाच्या जाळ्या बघतो.

काळजी उताराची. मला शाळेतलं एक गणित मांडू द्या. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून पंच्याण्णव किलो. दोनशे मीटर उंचीवरून खाली आलात की जवळजवळ एकशे शहाऐंशी किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. काही हवा घेते. हळूहळू, ब्रेक दाबूनच उतरलात तर बाकी सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. एवढ्या ऊर्जेत अर्धा लिटरहून जास्त पाणी उकळतं! व्ही-ब्रेकची रबरं रिमलाच दाबतात, त्यामुळे ती उष्णता रिममध्ये जाते, आणि रिमच्या आत ट्यूब आहे. म्हणून ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवू नका. सरळ पट्ट्यात वेग थोडा वाढू द्या, वळणाच्या बऱ्याच आधी दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग पाडा, मग सोडा. तेवढ्यात वारा रिम गार करतो. वळणात ब्रेक नको. मोठ्या उतारावर मध्ये थांबा, समुद्र बघा. रिमला बोट लावून खात्री करू नका, मी केली आहे.

पुढच्या ब्रेकला घाबरू नका. थांबताना वजन पुढे जातं, म्हणून खरा ब्रेक पुढचाच. नुसता मागचा दाबला तर चाक घासत जातं. सामान लादून, घराजवळच्या रिकाम्या मैदानावर, ढुंगण मागे सरकवून दोन्ही दाबण्याचा सराव करा. रिकाम्या सायकलीवरचा सराव इथे उपयोगाचा नाही.

निघण्याआधी व्ही-ब्रेकची रबरं नवी घाला. डिस्कवाल्यांनी पॅडची एक जोडी बरोबर घ्या. ट्यूब दापोलीत मिळेल, तुमच्या मापाचे पॅड मिळतीलच याची खात्री मी देणार नाही. दोघांची मागची चाकं कुशल माणसाकडून आऊट काढून घ्या, तारांचा ताण सारखा करून घ्या. सामानाने तुटते ती मागच्या चाकाची तार, आणि तीही बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूची, जिथे स्वतःला बदलता येत नाही. त्या मापाच्या तीन तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून न्या. गावात सायकलवाला असतो. तुमच्या मापाची तार नसते.

सकाळी उजाडताच निघा, अकराला थांबा, अंधारात चालवू नका. पाण्याबरोबर मीठही हवं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. परत येताना रत्नागिरी स्टेशनवर गाडीच्या दोन तास आधी पार्सल ऑफिसात जा. पंप, दिवे, पिशव्या काढून आपल्याजवळ ठेवा आणि नाव-पत्त्याची चिठ्ठी दांड्याला दोन जागी बांधा.

मुलांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही पोचल्यावर सांगितलं.

पहाटे फिरायला जाताना पंचगंगेच्या बाजूला तीन कुत्री पाठी लागतात. जोरात पळवावी का?
— कोल्हापूर

पळालात की त्यांचा खेळ सुरू होतो. उतरा. सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये आडवी धरा, ठणकावून "हाड्" म्हणा, आणि चालत त्यांची हद्द ओलांडा. तीस-चाळीस पावलांत त्यांचा रस संपतो. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, मिरचीपूड काही भरू नका.

मुलगा शिकायला नेदरलँड्सला, युट्रेख्टला गेला आहे. तिथे सगळे सायकलने जातात आणि हेल्मेट कुणीच घालत नाही म्हणतो. त्याला काय सांगू?
— सांगली

हेल्मेट त्याला आईचं मन म्हणून घालू द्या. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच आपटून घेण्यासाठी असतो, त्यामुळे कुणाचं वापरलेलं घेऊ नये, एवढं मात्र सांगा. पण तिथे धोका त्याच्या हातातल्या सवयींचा आहे. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढचा. तिकडे डावा पुढचा. आणि पुष्कळ डच सायकलींना मागचा ब्रेक हाताला नसतोच. पेडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आपला मुलगा सिग्नलला सवयीने पेडल उलटं फिरवायला जाणार आणि जागच्या जागी थिजणार, मागून शंभर सायकली.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं आपल्याकडे असली तर थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान आधी. ट्रामचे रूळ काटकोनाला जवळ जाईल असे ओलांडायचे, नाहीतर चाक रुळात बसतं. रात्री पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल दिवा हवाच, नाहीतर दंड. हातात मोबाइल धरून चालवायला २०१९ पासून बंदी आहे.

पहिले दोन दिवस त्याने रिकाम्या गल्लीत फक्त थांबायचा सराव करावा. डावा हात बांधूनच ठेव असं लिहिणार होते, पण डावीकडे वळताना दाखवायचा तोच.